पन्नास मीटर खोल अंघोळ

(घड्याळांचं छोटं दुकान. दुपार. काउंटरच्या अलीकडे वडील आणि मुलगी, पलीकडे घड्याळवाला.)

घड्याळवाला : ...आणि हे तिसरं. याच्या पाठीवर पाच एटीएम लिहिलंय बघा. म्हणजे पन्नास मीटर.

वडील : कशाचे पन्नास मीटर?

घड्याळवाला : पाण्याचे, काका.

वडील : उभे की आडवे?

मुलगी : बाबा.

वडील : विचारू नको? पन्नास मीटर आडवं पाणी म्हणजे डबकं झालं.

घड्याळवाला : उभे. पन्नास मीटर खोल.

वडील : माझं बाथरूम पहिल्या मजल्यावर आहे.

मुलगी : दादा, तुम्ही यांच्या बोलण्यात अडकू नका. यांना सगळं कळतं. छत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात होते, पंपावर. आम्हाला पाढ्यांच्या आधी प्रेशर शिकवलंय यांनी. आजचं हे आमचं तिसरं दुकान. पहिल्या दुकानात विचारलं, चाचणी गोड्या पाण्यात घेतली का खाऱ्या. तो माणूस मॅनेजरला विचारून येतो म्हणून आत गेला, तो आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दुकानात त्या बाईंना वायसरचा आकार विचारला.

वडील : वायसर म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. अशा माणसाकडून पाण्यात घालायची वस्तू घेऊ नये.

मुलगी : त्या म्हणाल्या, आजोबा, यात वायसर नसतो, यात टेक्नॉलॉजी असते.

घड्याळवाला : असतो हो वायसर. मागच्या झाकणाखाली एक, बटणापाशी एक. रबराचा, बारीक असतो, केसाएवढा. बसा निवांत, मला घाई नाही. सकाळपासून तुम्ही दुसरं गिऱ्हाईक.

वडील : पहिल्यानं काय घेतलं?

घड्याळवाला : किती वाजले ते विचारून गेला.

मुलगी : दादा, मला एवढंच सांगा. हे हातात घालून रोज अंघोळ केली तर चालेल का? हो किंवा नाही. मला चार वाजता ऑफिसात परत तोंड दाखवायचंय.

घड्याळवाला : ताई, हो किंवा नाही एवढ्यात सांगता आलं असतं तर कंपन्यांनी एवढे आकडे छापले नसते. आधी शब्द बघा. वॉटरप्रूफ असं कुठे दिसतंय का? नाही दिसणार. वॉटर रेझिस्टंट. म्हणजे हे पाण्याला विरोध करतं.

वडील : विरोध आम्हीही करायचो. युनियनमध्ये होतो ना. विरोध झाला की चहा व्हायचा आणि साहेबाला हवं तेच व्हायचं.

घड्याळवाला : इथेही तसंच धरा. किती दिवस विरोध करेल हा प्रश्न. आता हे पन्नास मीटर. घड्याळ बांधून पन्नास मीटर खाली जा, असा त्याचा अर्थ नाही. कारखान्यात नवं कोरं घड्याळ घेतात, पन्नास मीटर पाण्याचं जेवढं प्रेशर तेवढं त्याच्यावर देतात, पाणी हलत नाही, घड्याळ हलत नाही. थोडा वेळ ठेवतात. आत थेंब गेला नाही की पास.

वडील : हायड्रो टेस्ट. आम्ही पाइपलाइनची घ्यायचो. दहा मीटर उभं पाणी म्हणजे एक किलो प्रेशर, पन्नास मीटर म्हणजे पाच किलो. काटा पाचावर नेऊन ठेवायचा आणि बिड्या ओढत बसायचं. काटा पडला नाही की पाइप पास. पास झालेल्या पाइपानं सहा महिन्यांनी भर चौकात कारंजं केलेलं मी पाहिलंय. साहेबांनी येऊन त्याला विचारलं, तू तर पास झाला होतास.

मुलगी : पाइपाला?

वडील : मला विचारलं. पाहत पाइपाकडे होते.

घड्याळवाला : तर काका, पाच एटीएममध्ये पोहायला हरकत नाही. उंचावरून पाण्यात सूर मारायचा नाही, खोल बुडी घ्यायची नाही.

मुलगी : यांचं वय एकोणऐंशी आहे.

घड्याळवाला : सांगावं लागतं, ताई. मागे एकानं घड्याळ घालून गाडी धुतली, त्या जोराच्या फवाऱ्यानं. नंतर घड्याळ आणून दाखवलं, आत धुकं. म्हणाला, पन्नास मीटर लिहिलंय, माझी गाडी दीड मीटर उंच आहे.

वडील : आणि या दुसऱ्याच्या पाठीवर काय? आयपी अडुसष्ट.

घड्याळवाला : अडुसष्ट नाही, सहा आणि आठ वेगवेगळे वाचायचे. सहा म्हणजे धूळ आत जात नाही. आठ म्हणजे पाण्यात बुडवून ठेवलं तरी चालतं. किती खोल आणि किती वेळ, ते कंपनीनं ठरवायचं आणि कंपनीनंच लिहायचं.

वडील : पेपर त्यांनीच काढायचा आणि सोडवायचाही त्यांनीच.

घड्याळवाला : म्हणून मी म्हणतो, नुसत्या आयपीवर अंघोळीला जाऊ नका. पाच एटीएमही लिहिलेलं असेल तेच घ्या. हे तिसरं तसं आहे. वर याला पडल्याचं कळतं, आणि ते फोन लावतं. तुम्हाला तेच हवंय ना?

मुलगी : तेच. दादाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या घड्याळात ते नव्हतं. तो लांब असतो. गेल्या वर्षी त्यानं पाठवलं, हार्टबीट मोजणारं, पावलं मोजणारं. बाबा ते दिवसभर घालायचे आणि अंघोळीला जाताना बाहेर खिळ्याला अडकवायचे. घरातला माणूस पडतो कुठे, तर बाथरूममध्ये, आणि घड्याळ खिळ्याला. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी साडेसातला पडले. रोज अंघोळ झाली की मला फोन करतात, त्या दिवशी आला नाही. मला वाटलं विसरले. माझ्या ऑफिसात तपासणी होती. मी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते.

घड्याळवाला : साडेचार तास.

वडील : साडेचार तास पडलो नव्हतो. पडलो एक सेकंद. उरलेला वेळ आडवा होतो.

मुलगी : यांना ते विनोदी वाटतं. सोसायटीच्या वॉचमनला बोलावून दार तोडून घेतलं मी.

वडील : मला काय त्रास झाला सांगू का? ते घड्याळ. तासातासाला खिळ्यावर थरथरायचं. भिंतीला लागून डुर्रर्र आवाज यायचा. नंतर बघितलं तर त्यावर लिहिलं होतं, बराच वेळ बसून आहात, उठा, जरा चाला.

घड्याळवाला : अरे देवा.

वडील : दुसऱ्या वेळेला मी त्याला आतून सांगितलं, आलोच.

मुलगी : मग मी यांना सरळ सांगितलं. आता दोनच गोष्टी. एक तर पडल्याचं कळवणारं घड्याळ घ्यायचं आणि अंघोळीतही हातात ठेवायचं, नाहीतर महिनाअखेर घराला कुलूप लावून माझ्याकडे राहायला यायचं. घड्याळाला तयार झाले. तयार झाले म्हणजे, त्या दिवसापासून प्रत्येक घड्याळाला नावं ठेवतायत. ऑनलाइन दोन मागवली, दोन्ही परत पाठवली. एकाचं म्हणे झाकण चिकटवलेलं आहे, स्क्रू नाहीत. मी रात्रीचं जेवण उरकून लोकांच्या प्रतिक्रिया वाचत बसते हो. कोणी लिहितं पोहलो काही झालं नाही, कोणी लिहितं भांडी घासली आणि गेलं. मला आता स्वप्नातही मीटर दिसतात.

वडील : वस्तू घ्यायची तर बघून घ्यायची.

घड्याळवाला : बरोबर आहे काकांचं. बघा, अंघोळीत धारेपेक्षा मला भीती दोन गोष्टींची. कढत पाणी आणि साबण. कढत पाण्यानं वायसर फुगतो, मग गार पडला की आक्रसतो. असं रोज. आणि वाफ पाण्यापेक्षा लबाड. पाणी जिथे दारातून परत जातं तिथे वाफ खिडकीतून शिरते. साबणानं रबर लवकर म्हातारं होतं.

वडील : रबर सगळंच म्हातारं होतं. साबण लागो, न लागो.

घड्याळवाला : म्हणून साबण झाला की घड्याळावर साधं पाणी सोडायचं, फडक्यानं टिपायचं. ओलं असताना बटण दाबायचं नाही. पट्टा चामड्याचा नको, हा सिलिकॉनचा असू दे. आणि वर्षातून एकदा माझ्याकडे आणा, मी वायसर तपासून देतो. पूर्वी मी किल्लीची घड्याळं उघडायचो, काका. आता लोक ही चार्ज करायला विसरतात आणि बंद पडली म्हणून माझ्याकडे आणतात. मी चार्ज करून देतो. कारागिरी एवढीच उरली. बरं, आता मला सांगा, तुमचं अंघोळीचं पाणी कसं असतं?

वडील : कोमट. कढत सोसत नाही आताशा.

घड्याळवाला : शॉवरला जोर किती?

वडील : जोर कसला. गच्चीवर टाकी, तिथून खाली शॉवर, मधे चार मीटर. अर्धा किलोसुद्धा प्रेशर येत नाही. त्यात अर्धी भोकं क्षारानं बुजलेली.

घड्याळवाला : आणि याला पाच किलो लावून बघितलंय.

वडील : हं.

घड्याळवाला : काका, राग मानू नका. तुम्ही आल्यापासून परीक्षा मी देतोय आणि उत्तरं सगळी तुमच्याकडे आहेत. तुमच्या अंघोळीनं या घड्याळाला काही होत नाही, हे तुम्हाला दुकानात पाय टाकायच्या आधीपासून माहीत असणार.

मुलगी : थांबा. बाबा, हे तुम्हाला माहीत होतं?

वडील : अंदाज होता.

मुलगी : तुमचा अंदाज कधी अर्ध्या किलोनं चुकलेला मी पाहिला नाही. मग तीन आठवडे काय चाललंय? भावाचं घड्याळ तरी का काढून ठेवायचात?

वडील : सवय. घड्याळ काढल्याशिवाय अंगावर पाणी घेतलं नाही कधी.

मुलगी : पंपावर असताना गुडघाभर पाण्यात उभे राहायचात घड्याळ घालून. आई ओरडायची.

वडील : ती ड्यूटी होती. शेठ, एक विचारतो. मी पडलो तर हे नेमकं काय करतं?

घड्याळवाला : जोरात आपटल्याचं कळलं की मनगटावर थरथरतं आणि विचारतं, ठीक आहात का. आहात म्हणून दाबलंत की गप्प. मिनिटभर काही केलं नाहीत तर तुम्ही दिलेल्या नंबरावर फोन लावतं.

वडील : आणि मी दाबलं, मी ठीक आहे. मग कोणाला कळत नाही.

घड्याळवाला : फोन जात नाही.

वडील : पण आत कुठे लिहिलेलं राहतं का? अमुक तारखेला पडले, असं?

घड्याळवाला : राहतं ना. घड्याळात राहतं, आणि ज्यांचा फोन जोडाल त्यांना तिकडेही बघता येतं.

वडील : ते पुसता येतं का?

मुलगी : पुसायचं कशाला?

वडील : सहज विचारलं. माणसानं सगळं माहीत करून घ्यावं.

मुलगी : बाबा, किती वेळा?

वडील : काय किती वेळा?

मुलगी : पडलात.

वडील : पडणं कशाला म्हणायचं त्यावर आहे. घसरून भिंतीला टेकलो तर ते पडणं नाही.

मुलगी : ते सोडा. जमिनीला लागलात असं किती वेळा?

वडील : चार.

मुलगी : त्या दिवसाचं धरून?

वडील : त्या दिवसाचं धरायचं ठरलं तर पाच.

घड्याळवाला : मी जरा चहाचं सांगून येतो.

वडील : बसा हो. तुम्ही उठलात तर ही मोठ्यानं बोलेल.

मुलगी : नाही बोलत मोठ्यानं. तेवढा दम नाही माझ्यात. कधी, बाबा?

वडील : दोनदा पावसाळ्याच्या आधी. एकदा बाथरूममध्येच, एकदा गॅलरीत. मग त्यानंतर एक, आणि परवाचं एक. पण चारही वेळा उठलो. कठड्याला धरून, बादलीला धरून. एकदा तर तुझा फोन वाजत होता, उठून घेतलाही. तू म्हणालीस धाप का लागलीय, मी म्हटलं जिना चढून आलो.

मुलगी : परवा पडलात? एवढं सगळं होऊन परवा पडलात, आणि काल मी वांग्याच्या रंगाचा दंड बघून विचारलं, तर म्हणालात दार लागलं.

वडील : दारही लागलं होतं. पडताना.

मुलगी : सांगायचं का नाही?

वडील : सांगितलं की तू घेऊन जाणार. तूच म्हणालीस ना दवाखान्यात, पुन्हा एकदा पडलात तर मी काही विचारणार नाही, थेट माझ्याकडे. नर्ससमोर म्हणालीस. आता हे घड्याळ मनगटावर बांधलं की झालं. मी पडलो की ते तुला सांगणार, उठलो तरी सांगणार. मी छत्तीस वर्षं मीटर वाचलेत. मीटर कोणाच्या बाजूनं नसतं, पण ज्याच्या हातात रीडिंग जातं ना, निर्णय तो घेतो. मला माझ्या घरात राहायचंय. पडत, उठत, जसं जमेल तसं. म्हणून म्हटलं पाण्याचं काढावं काहीतरी. पाण्याबद्दल मी बोललो की तुम्ही सगळे ऐकून घेता.

मुलगी : म्हणजे घड्याळाला पाण्याची भीती नव्हती. तुम्हाला माझी होती.

वडील : तुझी नाही गं. तुझ्या घरातल्या पॅसेजची. तिथेच टाकणार ना माझी कॉट?

मुलगी : बाबा, पॅसेजचंच सांगते आता. मी टेप घेऊन मोजला तो. त्या दिवशी तुम्हाला दवाखान्यातून घरी सोडलं आणि रात्री घरी जाऊन मोजला. तुमची कॉट तिथे बसते. पण बसली की बाथरूमचं दार उघडत नाही.

वडील : आतल्या बाजूला उघडून घ्यायचं.

मुलगी : आत बेसिन आहे. बाहेरच्या खोलीत सासूबाई, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या तिथेच. आतल्या खोलीत तुमचे जावई, ते रात्रपाळी करून येतात आणि दिवसभर झोपतात, पडदे लावून. लेक ओट्यावर पुस्तक ठेवून अभ्यास करते, उभ्यानं. बदलून बदलून तीन वेळा कागदावर काढलं मी घर. तुम्हाला ठेवायला जागा नाही माझ्याकडे. ती धमकी होती नुसती. तुम्ही घड्याळ घालावं म्हणून. दुसरं काही सुचलं नाही मला त्या वेळी.

वडील : म्हणजे मी पडलो असतो तरी तू नेणार नव्हतीस.

मुलगी : नेऊ शकत नव्हते. नेणार नव्हते असं नका म्हणू.

वडील : बरं.

मुलगी : खरं सांगू? रोज साडेसातला मी बसमध्ये उभी असते. एका हातात वरची दांडी, दुसऱ्या हातात फोन. तुमचा फोन येईपर्यंत मी कुठल्या स्टॉपवर आहे ते मला कळत नाही. पाच मिनिटं उशीर झाला की मी मनातल्या मनात तुमच्या घराचं दार तोडते. गेले तीन आठवडे रोज तोडतेय. आणि तुमचा फोन आला, तुम्ही ठीक असलात, की बरं वाटायच्या ऐवजी आधी थकवाच येतो. हे कोणाला सांगायचं?

वडील : मला सांगायचं.

मुलगी : तुम्ही वायसरचा आकार विचारला असता.

वडील : विचारला असता.

घड्याळवाला : काका, मध्ये बोलतो. ते रीडिंग ताईंना दिसू नये असं ठेवता येतं. फक्त फोन जाईल, आणि तोही तुम्हाला उठता आलं नाही तरच. बाकीचं तुमचं तुमच्याकडे.

वडील : तसं येतं?

घड्याळवाला : येतं. त्या दुकानांत तुम्ही हे विचारलंच नसणार.

मुलगी : नाही, दिसू दे मला. आता न्यायची सोयच नाही तर लपवायचं काय? दिसलं तर निदान त्या दिवशी येऊन जाईन. भिंतीला धरायचे दांडे बसवून घेऊ. पायाखाली ती रबराची चटई. न पडण्याचा विचार कोणी केलाच नाही आपल्यात.

वडील : दांडे मी बसवतो. भिंतीत पाइप कुठून गेलाय ते मला माहीत आहे.

मुलगी : तुम्ही स्टुलावर चढायचं नाही.

वडील : मी खाली उभा राहून सांगेन. शेठ, घाला हिचा नंबर. दिसू दे तिला सगळं.

घड्याळवाला : सांगा ताई नंबर... हं. झालं. काका, हात पुढे करा. पट्टा फार आवळायचा नाही, एक बोट जाईल एवढा.

वडील : आणखी एक शंका.

मुलगी : बाबा, आता पुरे.

वडील : पाण्याची नाही. शेठ, पडलो की हे हिला कळवतं. उठलो की कळवतं का?

घड्याळवाला : नाही काका. ते अजून कोणी काढलं नाही.

वडील : मग ते मीच कळवेन.

मुलगी : बाबा, रागावलात?

वडील : नाही गं. चल, तुला चारला पोचायचंय. मलाही घरी जाऊन बॅग रिकामी करायचीय.

मुलगी : कसली बॅग?

वडील : भरून ठेवली होती. तू न्यायला आलीस तर तुझा खोळंबा नको.